बाहेर पडताना मनाचीही झडती: कारागृह कर्मचाऱ्यांसाठी एक कृती

नोकरीच्या उत्तरार्धात मला एक सवय जडली. सुट्टी घेऊन बुलढाणा जिल्ह्यातल्या माझ्या गावी, बीबीला, घरी आलो की उंबरठ्याच्या अलीकडे थांबायचं आणि दारातल्या चपला मोजायच्या. आईच्या, बायकोच्या, लेकीच्या, लेकाच्या. चार जोड भरले की मगच आत. तीनच दिसले की छातीत धस्स व्हायचं. पोरगा शेजाऱ्यांच्या अंगणात खेळायला गेलेला असायचा, पण तोवर माझे तळहात घामेजलेले असायचे. कारागृहात बंद्यांची मोजणी होते आणि आकडा जुळेपर्यंत कुणी जागचं हलत नाही. ती मोजणी मी घरी घेऊन आलो होतो आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता.

एकदा लेकीच्या हातून स्टीलचं ताट फरशीवर पडलं. आवाज थेट बराकीच्या अडसरासारखा. मी इतक्या जोरात ओरडलो की ती भिंतीला चिकटून उभी राहिली. ताट गरगरत थांबेपर्यंत घरात कुणी बोललं नाही. मग बायको हळूच म्हणाली, "तुम्ही अजून ड्युटीवरच आहात."

त्या दिवसापासून चुकत, शिकत, डॉक्टरांना विचारत जी रीत बसवली, ती इथे देतो आहे. कारागृह शिपायापासून अधीक्षकापर्यंत सगळ्यांसाठी ती आहे. बीबीच्या पोलीस ठाण्यात लॉकअपवर पहारा देणाऱ्यालाही ती उपयोगी पडेल. सांगायचं आहे ते एवढंच: गेटवर आपल्या अंगाची झडती होते, मनाची कुणी घेत नाही. ती आपण स्वतः घ्यायची, ठरल्या वेळी घ्यायची, आणि जे सापडेल ते लपवायचं नाही.

आधी हे समजून घ्या

आपल्याला होणारा त्रास हा मनाचा कच्चेपणा नव्हे, कामाचा परिणाम आहे. २०२२ च्या अखेरीस देशातल्या कारागृहांत क्षमतेच्या १३१.४ टक्के बंदी होते, म्हणजे शंभरांच्या जागेत एकशे एकतीस. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमपुस्तिकेने सहा बंद्यांमागे एक रक्षक असावा असं सांगितलं आहे. आपल्या बराकीत पहाऱ्याला किती जण असतात ते ज्याचं त्याने आठवून पाहावं. माणसं कमी पडली की पाळी लांबते, रजा पुढे ढकलली जाते आणि एकाच्या डोळ्यांवर दहा जणांचं काम येतं.

अशा कामात शरीर सतत सावध राहतं. कान मागे, नजर हातांवर, पाठ भिंतीला. आत ही सावधगिरी जीव वाचवते. बाहेर आल्यावर ती उतरली नाही तर झोप, पचन, रक्तदाब आणि संसार यांच्यावर बसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामातून येणाऱ्या या थकव्याची तीन लक्षणं नोंदवली: अंगातलं बळ संपणं, कामाबद्दल कडवटपणा किंवा तुटलेपण येणं, आणि आपल्याकडून काही नीट होत नाही असं वाटू लागणं. "मला आता कशाचंच काही वाटत नाही" हे वाक्य आपल्यात मोठ्या रुबाबात बोललं जातं. ते दुसरं लक्षण आहे.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये मान्य केलेले नेल्सन मंडेला नियम बंद्यांच्या हक्कांसाठी ओळखले जातात. त्यातल्या ७४ व्या नियमात कर्मचाऱ्यांचाही विचार आहे: हे काम कठीण आहे, म्हणून त्यांचा पगार आणि सेवाशर्ती त्याला साजेशा असाव्यात. तेव्हा आपण आपल्या मनाची काळजी मागतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

लागणारं साहित्य

शंभर पानी वही आणि पेन. वही घरी ठेवायची, आत न्यायची नाही. तिच्यात कोणत्याही बंद्याचं नाव किंवा सुरक्षेची बाब लिहायची नाही.
विश्वासातला एक सहकारी. त्याला पुढे 'जोडीदार' म्हटलं आहे.
घरातलं एक माणूस, ज्याला ही कृती वाचून दाखवली आहे.
कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला नंबर: १४४१६. ही 'टेली-मानस' ही सरकारी सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, दिवसरात्र चालते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.
रोजची दहा मिनिटं.

पायरी १: आत जाण्यापूर्वी दोन मिनिटं

मोबाइल जमा करण्याआधी घरी एक फोन करा. घरचं मोठं काम त्या फोनवर काढू नका. "आत जातोय, अमुक वाजता बाहेर येईन" एवढंच सांगा. आत गेल्यावर घरचं काही कळत नाही, ही टोचणी पहिल्या तासापासून सुरू होते. तातडीच्या वेळी घरच्यांनी कारागृहाच्या कोणत्या नंबरावर निरोप द्यायचा, तो कागदावर लिहून घरी ठेवा. म्हातारे आईबाप गावी असतील तर शेजाऱ्याकडेही एक कागद द्या.

पायरी २: आत असताना

कुणी शिवी दिली, अंगावर आला, तोंडावर थुंकला, तर नियमाप्रमाणे करायचं ते करा आणि मदतीला हाक मारा. प्रसंग निवळला की पाच मिनिटांच्या आत हे करा:

१. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकवा. बूट जमिनीला लागल्याचं जाणवू द्या.
२. नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा आकडे मोजत सोडा. असं दहा वेळा. सोडणं लांब असलं की हृदयाचे ठोके उतरतात.
३. चाव्यांचा जुडगा मुठीत आवळलेला असेल तर मूठ सैल करा. जबडाही सैल सोडा.
४. पाणी प्या.

मनोऱ्यावर एकट्याने उभं राहूनही हे करता येतं, आणि त्यासाठी डोळे मिटावे लागत नाहीत.

पायरी ३: ड्युटी संपल्यावर मनाची झडती

गेटवर अंगझडती होऊन बाहेर आलात की लगेच गाडीला किक मारू नका. झाडाखाली, टपरीवर, जिथे असाल तिथे पाच मिनिटं बसा आणि स्वतःला तीन प्रश्न विचारा.

आज माझ्याबरोबर काय बाहेर आलं? एखादा चेहरा, एखादा आवाज, एखादी शिवी.
ते शरीरात कुठे आहे? मान आखडली, पोटात गोळा आला, हात थरथरतात.
त्याचं आता काय करायचं? उद्या वरिष्ठांना सांगायचं, आज जोडीदाराला सांगायचं, की इथेच सोडायचं?

उत्तरं मोठी नसतात. घरी गेल्यावर वहीत दोन ओळी लिहा. माझ्या वहीत एका पानावर एवढंच आहे: "मुलाखतीला आलेली म्हातारी. मान दुखते. जोडीदाराला सांगितलं." ती म्हातारी जाळीपलीकडच्या मुलाला हात लावता येईना म्हणून जाळीवरच हात फिरवत होती. लिहिलं नसतं तर ती मी रात्रभर पाहत बसलो असतो.

पायरी ४: उंबरठा ओलांडताना

घरी आल्याबरोबर वर्दी उतरवा आणि ठरल्या खुंटीला लावा. अंघोळ करा, निदान हातपाय-तोंड धुवा. शरीराला काम संपल्याची खूण लागते आणि ती रोज एकच असावी लागते.

मग घरच्यांना एक वाक्य सांगा: "आज दिवस जड होता, वीस मिनिटं द्या," किंवा "आज बरं होतं." कारण सांगायची गरज नाही. पण हे एक वाक्यही सांगितलं नाही तर पोरांना वाटतं की बाबा आपल्यावरच रागावलेत. ही वीस मिनिटं मागून घ्यायची आणि एकविसाव्या मिनिटाला उठून त्यांच्यात जायचं. मोबाइल घेऊन तास काढणं म्हणजे वेगळ्या बराकीत बंद होणं.

महिला कर्मचाऱ्यांना ही वीस मिनिटं बहुतेक घरांत मिळत नाहीत. वर्दीतून थेट स्वयंपाकघरात जावं लागतं. म्हणून घरच्यांनो, तुमची ताई, वहिनी, सून ड्युटीवरून आली की तिच्या हातात पाण्याचा तांब्या द्या आणि तिला बसू द्या. कुकर तुम्ही लावा.

पायरी ५: रात्रपाळीनंतरची झोप

रात्रपाळी असेल त्या दिवशी संध्याकाळी तासभर झोप काढून जा. चहा पाळीच्या पहिल्या निम्म्यातच घ्या. चहातलं कॅफीन निम्मं उतरायलाच सुमारे पाच तास लागतात, त्यामुळे पहाटेचा कटिंग सकाळची झोप मारतो. पहाटे तीन ते पाच हा शरीराचा सर्वांत मंद काळ असतो. त्या वेळी बसू नका, गस्त घाला, जोडीदाराशी बोला.

सकाळी घरी येऊन हलकं खा, खोलीत अंधार करा, दाराला "झोपलेले आहेत" अशी पाटी लावा. आपल्याकडे दिवसा झोपलेल्या माणसाला आळशी समजतात, म्हणून ही पाटी शेजाऱ्यांसाठीही लागते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

झोप लागत नाही म्हणून 'थोडी' घेणं हा आपल्या खात्याचा जुना औषधोपचार आहे. दारूने डोळा लागतो, पण झोप तुटक होते आणि दुसऱ्या दिवशी चीड वाढते. जागं राहण्यासाठी तंबाखू मळायचा, झोपण्यासाठी दारू प्यायची, असं चक्र फिरत असेल तर ते वहीत प्रामाणिकपणे लिहा. तंबाखू सोडायला १८००-११-२३५६ ही मोफत सेवा आहे. रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद करू नये. हात थरथरणं, भ्रम, झटके येऊ शकतात. डॉक्टरांना विचारूनच सोडावी.

पायरी ६: जोडीदार धरा

व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्यामागे औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला वसवलेल्या खुल्या वसाहतीचा प्रयोग होता. सहा कैदी कसे बदलतात ते आपण डोळे पुसत पाहतो. मला मात्र हल्ली त्यातला जेलर दिसतो. सहा जणांची जबाबदारी घेऊन माळावर गेलेला तो माणूस रात्री कुणाशी बोलत असेल? त्याच्या जोडीला त्याच्या कामातलं कुणी नव्हतं. तुम्ही तसे राहू नका.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, वीस मिनिटं जोडीदाराबरोबर चाला. दहा मिनिटं त्याची, दहा तुमची. ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही, "माझ्या वेळी तर..." असं म्हणायचं नाही. शेवटी एकच प्रश्न विचारायचा: "या आठवड्यात झोप कशी आहे?" माणूस मनाचं लपवतो, झोपेचं सांगून टाकतो. ऐकलेलं तिथेच राहिलं पाहिजे. अपवाद एकच: जिवाला धोका असेल तर गुप्तता मोडायची.

पायरी ७: मोठी घटना घडली तर

बंद्याचा मृत्यू, आत्महत्येचा प्रयत्न, हल्ला, दंगा. कोठडीतल्या मृत्यूची माहिती २४ तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवावी लागते, कागद धावतात, चौकशी लागते. ते झालंच पाहिजे. पण त्या धावपळीत जो शिपाई सर्वांत आधी पोहोचला होता, त्याने पाणी प्यायलं का, हे विचारायचं राहून जातं. त्याच्यासाठी हे करा:

पहिला तास: त्याला त्या जागेवरून बाजूला न्या. पाणी, चहा, बसायला खुर्ची. घरी फोन करू द्या. सोबत एक जण ठेवा. रक्त लागलेली वर्दी बदलायला द्या.
त्याच दिवशी: जबाब लागणारच असेल तर तो कशासाठी आहे आणि पुढे काय होईल ते स्पष्ट सांगा. घरी एकट्याला गाडी चालवत पाठवू नका.
पहिले तीन दिवस: पहा, ऐका, जोडून द्या. मानसिक प्रथमोपचाराची हीच तीन सूत्रं आहेत. त्याला कशाची गरज आहे ते पहा, बोलायचं असेल तर ऐका, डॉक्टर-समुपदेशक-घर यांच्याशी जोडून द्या. सगळ्यांना गोल बसवून "काय पाहिलं ते सांगा" असं बळजबरीने उकरू नका. त्याने फायदा होत नाही, काहींना अपायच होतो.
पहिला महिना: तीच दृश्यं दिसणं, दचकणं, झोप उडणं हे सुरुवातीला बहुतेकांना होतं आणि हळूहळू ओसरतं. महिना उलटूनही ओसरलं नाही, किंवा माणूस ती बराक टाळायला लागला, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायलाच हवं.

पायरी ८: पंधरवड्याची मोजणी

दर पंधरा दिवसांनी वहीत हे मोजा. मागच्या दोन आठवड्यांत, बहुतेक दिवस: मन उदास होतं का? आवडीच्या गोष्टींत रस उरला नाही का? झोप बिघडली का? दमल्यासारखं वाटलं का? भूक बदलली का? स्वतःबद्दल वाईट वाटलं का? लक्ष लागेना का? हालचाल मंदावली किंवा अस्वस्थता वाढली का? मरून गेलेलं बरं असं वाटलं का? डॉक्टर वापरतात त्या 'पीएचक्यू-९' प्रश्नावलीतले नऊ मुद्दे हेच आहेत. पहिल्या दोनपैकी एक तरी आणि एकूण पाच किंवा अधिक 'हो' आले तर डॉक्टरांची वेळ घ्या. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर बाकीचे मोजत बसू नका, आजच मदत घ्या.

जायचं कुठे? बहुतेक जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. बुलढाण्यात जिल्हा सामान्य रुग्णालयात चौकशी करा. डॉक्टरांना सांगताना "टेन्शन आहे" एवढ्यावर थांबू नका. वही पुढे ठेवा: किती तास झोप, किती दिवसांपासून, ड्युटी कशी, दारू-तंबाखू किती. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका आणि बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका.

"फाइलवर येईल" ही भीती मला ठाऊक आहे, मीही तिच्यापायी दोन वर्षं घालवली. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने उपचारांची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे. विमा कंपन्यांनी शरीराच्या आजारासारखंच मनाच्या आजारालाही संरक्षण द्यावं, हेही त्यात आहे.

पायरी ९: धोका दिसला तर

सहकारी आवरासावर करू लागला, वस्तू वाटू लागला, "आता सुटलो" असं बोलू लागला, किंवा खूप दिवसांच्या घालमेलीनंतर एकाएकी शांत झाला, तर सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने डोक्यात तो विचार घुसत नाही, उलट कुणीतरी ओळखलं म्हणून माणूस मोकळा होतो. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका. हत्यारबंद ड्युटीवरून लगेच उतरवा. ही शिक्षा नाही, ताप आलेल्याला उन्हातून सावलीत आणणं आहे, हे त्याला त्याच शब्दांत सांगा. १४४१६ लावा, प्रसंग हातघाईचा असेल तर ११२. वरिष्ठांना आणि घरच्यांना कळवा, रुग्णालयात स्वतः सोबत जा. प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच कायदा धरतो. त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

पायरी १०: अधिकाऱ्यांनी करायचं

ही पायरी नसेल तर आधीच्या नऊ पायऱ्या शिपायाच्याच माथी मारल्यासारख्या होतील. बारा तास उभं करून नंतर श्वासाचे व्यायाम शिकवू नयेत.

ड्युटीवाटप किमान आठवडाभर आधी लावा. उद्याची पाळी आज रात्री कळणं हाच मोठा ताण आहे.
रात्रपाळीनंतर लगेच दिवसपाळी देऊ नका. जड जागा, म्हणजे अतिसुरक्षा विभाग, दवाखाना, नवीन बंद्यांची बराक, फिरत्या ठेवा.
मंजूर रजा शक्यतो मोडू नका. मोडावी लागली तर बदली तारीख त्याच क्षणी लेखी द्या.
हजेरीच्या वेळी चारचौघांत अपमान करू नका. चूक दाखवायची ती केबिनमध्ये.
महिन्यातून एक दिवस बाहेरचा समुपदेशक बोलवा. बंद्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांसमोर कर्मचारी मोकळा होत नाही.
महिला कर्मचाऱ्यांसाठी स्वच्छ, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह आणि विश्रांतीची खोली. हेही मानसिक आरोग्यच आहे.

पायरी ११: चार दिवसांची रजा

सिंदखेड राजाकडून या की मेहकर-सुलतानपूरकडून, एसटीतून उतरून बीबीच्या मातीला पाय लागला की वाटतं, आता सुटलो. आणि मग चारही दिवस सातबारा, बँक, सोयाबीनचा भाव, लग्नाची बोलणी यांत जातात. आपण बहुतेक शेतकऱ्यांची पोरं आहोत. कारागृहाचा ताण आणि शिवाराचा ताण एकाच डोक्यात राहतात. म्हणून रजा वाटून घ्या. पहिला दिवस फक्त झोप आणि घरचं जेवण. दुसरा आणि तिसरा अर्धा दिवस कामं. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर पोरांना घेऊन बाहेर पडा. लोणारचं सरोवर आपल्याच तालुक्यात आहे, आणि मी ते लेकीला दाखवलं तेव्हा ती बारावीत होती. इतका उशीर करू नका. चौथ्या दिवशी सामान सकाळीच भरा, म्हणजे निरोपाची घाई रागात निघत नाही.

घरात शेतीच्या काळजीने कुणी खचलेलं दिसलं तर वरच्या पायऱ्या त्यांनाही लागू आहेत. १४४१६ हा नंबर तुमच्यासाठी आहे तसाच आईबापांसाठीही आहे.

सुरुवात कशी करावी

अकरा पायऱ्या एकदम धरल्या तर आठवड्यात सुटतील. पहिला आठवडा फक्त पायरी ३ आणि ४. दुसऱ्या आठवड्यात झोप. तिसऱ्यात जोडीदाराला विचारा. चौथ्यात पहिली मोजणी. एखादा दिवस चुकला तर वहीत रिकामी ओळ सोडा आणि पुढच्या दिवसापासून चालू ठेवा.

चपला मोजणं माझं नेमकं कधी थांबलं ते मला सांगता येत नाही. वहीत तारीख नाही. एका दिवाळीत मी थेट घरात शिरलो, पाणी मागितलं, आणि बायको दाराकडे पाहत राहिली. "काय झालं?" मी विचारलं. "काही नाही," ती म्हणाली, "आज थांबला नाहीत."